चातुर्मासाचे बिऱ्हाड

गेल्या वर्षी आषाढ लागण्याच्या सुमारास आमच्या शिरवळच्या घरी एक प्रश्न उभा राहिला. रात्रीची जेवणे आटोपत आली होती. आमच्या थोरल्या वहिनींनी ताकाचे भांडे खाली ठेवले आणि अगदी शांतपणे सांगितले, "मला चार महिने पुण्यास राहावयाचे आहे. एकटीने. आणि जागा गजबजलेल्या वस्तीत हवी." यांतील पहिले वाक्य घरात सहज पचले असते. दुसऱ्याने आमचे मधले बंधू नाना चमकले. तिसरे मात्र कोणाच्याच ध्यानात उतरेना. वय ६१, दोन वर्षांमागे वैधव्य आलेले, गुडघ्यांची कुरकूर चालू; अशा व्यक्तीने निवांत जागा मागावी हे समजते. ती गलबला कशासाठी मागते?

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी हा प्रश्न आज ना उद्या यावयाचा आहे. कोणाच्या मुलाला परीक्षेसाठी, कोणा निवृत्त गृहस्थाला एखादे राहून गेलेले लेखन पुरे करण्यासाठी, कोणाच्या बहिणीला शिक्षणासाठी काही महिने परगावी एकट्याने काढावे लागतात. आणि मग वस्ती कोणती निवडावी याविषयी घरातील प्रत्येक माणसास एकेक मत असते. म्हणून या खेपेस आमच्या घरची हकीकत थोडी सविस्तर लिहीत आहोत. वहिनींची संमती घेतलेली आहे. त्यांनी अट एवढीच घातली, की "मला बिचारी करून लिहू नका, भाऊजी."

निमित्त होते मोडी कागदांचे. आमच्या माळ्यावर एका जुन्या रुमालात बांधलेले घरचे कागद आहेत: देण्याघेण्याचे हिशेब, काही पत्रे, आणि ज्यांचे डोके कोणते व पाय कोणते हे आम्हांपैकी एकालाही सांगता येत नाही असे कित्येक तुकडे. आमचे थोरले बंधू, ज्यांस सारे घर दादा म्हणे, ते "निवृत्त झालो की मोडी शिकून सारे वाचून काढतो" असे वर्षानुवर्षे म्हणत आले. निवृत्त झाल्यावर ते जेमतेम अडीच वर्षे जगले आणि रुमाल तसाच राहिला. तो आता आपण वाचावयाचा असे वहिनींनी मनाशी ठरविले होते. खंबाटकीच्या पलीकडे वाईस राजवाड्यांना जुने कागद सापडले आणि त्यांतूनच १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड निघाला, ही गोष्ट दादांनी त्यांना शंभर वेळा तरी सांगितली असेल. आमच्या रुमालातून तसले काही निघेल अशी आशा कोणीच धरलेली नाही. परंतु मोडी शिकावयाची तर पुण्यास जावयास हवे, आणि राजवाडे-मेहेंदळ्यांनी १९१० साली स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आहे, एवढे सरळ होते.

नानांचा पहिला आक्षेप हिशेबी होता. शिरवळ ते पुणे अंतर पन्नास किलोमीटरांच्या आसपास. २०२३ च्या मार्चपासून एस. टी. त बायकांस अर्धे तिकीट. सकाळी जावे, संध्याकाळी परत यावे; बिऱ्हाड करण्याचे कारणच काय? हिशेब कागदावर बिनचूक होता. परंतु ज्यांनी तो रस्ता नित्य केला आहे त्यांस ठाऊक आहे, की दोन तास जाण्याचे व दोन येण्याचे धरले, तरी खेड-शिवापूरच्या टोलनाक्यापाशी किंवा कात्रजच्या बोगद्यापाशी वाहने तुंबली म्हणजे तिसरा तास कोठे गेला ते कळत नाही. शिवाय पुण्यास जाऊन संध्याकाळी सहाला परतीची गाडी धरावयाची, म्हणजे ज्या वेळी त्या गावात व्याख्याने सुरू होतात, नाटकाची तिसरी घंटा होते आणि माणसे पायी हिंडावयास बाहेर पडतात, नेमक्या त्याच वेळी आपण स्वारगेटच्या फलाटावर उभे! मोडीचा वर्ग तेवढा होईल. पुणे होणार नाही.

दुसरा आक्षेप मायेचा होता. नानांच्या चिरंजिवांचा सिंहगड रस्त्याच्या बाजूस तीन खोल्यांचा फ्लॅट आहे. "घरचे घर असताना भाड्याची जागा?" नाना म्हणाले. वहिनींनी यावर दिलेले उत्तर आम्ही त्यांच्याच शब्दांत देतो. "त्याच्याकडे राहिले तर मी त्याची काकू असेन. इथे तुमची वहिनी आहे. चार महिने मला कोणाची कोण न होता राहून पाहायचे आहे." त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही.

खरा आक्षेप आत्यांनी तोंडाने उच्चारला. आमच्या आत्या ८८ वर्षांच्या असून लपवून बोलणे त्यांस ठाऊक नाही. "लोक म्हणतील, थोरला गेला आणि थोरलीला घराबाहेर काढली." नानांच्या मनात हेच होते, किंबहुना आमच्याही मनात होते, आणि ते बोलून दाखविण्याची हिंमत आम्हां दोघां पुरुषांस झाली नव्हती. एकत्र कुटुंबात माणूस आजारी पडले तरी चालते, रुसले तरी चालते. ते आपण होऊन वेगळे राहिले म्हणजे बाकीच्यांनी काहीतरी केले असले पाहिजे, असाच गावाचा निवाडा असतो.

परंतु तोडही आत्यांनीच काढली. त्यांची आजी उतारवयात काशीस जाऊन राहिली होती. ब्रह्माघाटाच्या बाजूस दक्षिणी मंडळींची वस्ती. तेथे एका वाड्यात एक खोली, घाटाची वर्दळ, मंदिरांच्या घंटा, भाजीवाल्यांची ओरड, आणि मराठी बोलणाऱ्या शेजारणी. "तिला कुणी विचारलं नाही, एकटी कशी राहशील म्हणून. हळदीकुंकू करून पोचवली होती," आत्या म्हणाल्या, आणि स्वतःच थोड्या थबकल्या. आम्ही तो धागा सोडला नाही. काशीवासास निघालेल्या बाईस आपल्या समाजाने कधी अडविले नाही. कारण ती मरावयास चालली होती! तीच बाई शिकावयास निघाली, की गावाची अब्रू जाते. चार महिने म्हणजे चातुर्मास. काशीऐवजी पुणे, आणि पोथीऐवजी मोडी. नानांस हे पटले असे नव्हे, परंतु त्यांस गावात सांगण्याजोगे एक वाक्य मिळाले, आणि ते बिचारे त्याच्याच शोधात होते.

आता वस्तीचा प्रश्न. आम्ही दोघे, वहिनी व आम्ही, तीन वेळा पुण्यास जाऊन चार जागा पाहिल्या. तत्पूर्वी मनाशी एक गोष्ट ठरविणे भाग होते: गजबज म्हणजे काय? आमच्या शिरवळास आवाज काय कमी आहे? कारखाने आले, महामार्ग रुंद झाला, रात्री दोन वाजताही मालमोटारींचा घोष चालू असतो. परंतु तो घोष आपल्या बाजूने वाहून जातो. त्यातले एकही माणूस आपल्या गावी थांबत नाही. गावातील जुनी दगडी पाणपोई ज्या वाटसरूंसाठी बांधली गेली ते थांबत असत, पाणी पीत, दोन शब्द बोलत. ही निराळी वर्दळ. एकीला आम्ही वाहती गजबज म्हणतो, दुसरीला नांदती. एकट्याने राहावयाचे तर दुसरी पाहिजे. आणि शहरात या दोहोंची गल्लत करणे फार सोपे आहे.

पहिली जागा लक्ष्मी रस्त्यावरच, कापडाच्या दुकानांच्या वर होती. दुपारी चारनंतर तेथे इतकी माणसे, की वहिनी म्हणाल्या, "हीच घ्या." सुदैवाने त्या दिवशी आम्ही जेवून, मुद्दाम थांबून, रात्री दहानंतर पुन्हा त्या जिन्यापाशी गेलो. सारी शटरे खाली. फुटपाथावर पुठ्ठ्याच्या रिकाम्या पेट्या, आणि भरधाव जाणाऱ्या दुचाकी. सहा तासांपूर्वी जेथे पाऊल टाकावयास जागा नव्हती, तेथे ओळखीचा म्हणून एक दिवा नव्हता. बाजार हा बाजारापुरताच जागा असतो. त्याची माणसे राहावयास दुसरीकडे जातात.

दुसरी जागा प्रभात रस्त्याच्या एका गल्लीत, बंगल्याच्या आवारातील स्वतंत्र खोली. झाडी, पाखरे, भांडारकर संस्था व चित्रपट संग्रहालय थोड्या अंतरावर. अभ्यासासाठी यापरते स्थान नाही असे आम्हांस वाटले, आणि आम्ही स्वतः राहणार असतो तर तीच घेतली असती. वहिनी संध्याकाळी सातला त्या गल्लीच्या टोकापासून टोकापर्यंत एकदा चालल्या. परत येऊन म्हणाल्या, "सुंदर आहे. मला तीन कुत्री आणि अकरा मोटारी भेटल्या." त्यांच्या त्या एका वाक्याने आमचा अर्धा तासाचा युक्तिवाद निकालात निघाला.

तिसरा पुतण्याचा फ्लॅट, तो केवळ नानांच्या समाधानासाठी पुन्हा पाहिला. लिफ्ट आहे, फाटकावर वॉचमन आहे, पाहुण्याचे नाव वहीत लिहावे लागते. परंतु सकाळी दहानंतर साऱ्या इमारतीत घरकामाच्या बायकांखेरीज कोणी नसते. जाता जाता एक गोष्ट लिहून ठेवतो: नदीकाठची जागा घेणाऱ्याने पुराची चौकशी अवश्य करावी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून नारायण, शनिवार इत्यादी पेठांत काय झाले ते जुन्या माणसांस ठाऊक आहे. परंतु सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत २५ जुलै २०२४ रोजी पाणी शिरले ही गोष्ट कालचीच आहे. पुतण्याची सोसायटी उंचवट्यावर आहे, म्हणून वाचली.

चौथी जागा सदाशिव पेठेच्या पोटात, टिळक रस्त्यापासून चालत पाचसात मिनिटांवर, एका आडगल्लीत पहिल्या मजल्यावर. खाली एका बाजूस पोळी-भाजी केंद्र, दुसऱ्या बाजूस झेरॉक्सचे दुकान, समोर स्पर्धा-परीक्षांच्या विद्यार्थ्यांची अभ्यासिका. ही अभ्यासिका कोणास दोष वाटेल. आम्ही तिलाच त्या गल्लीचा मुख्य गुण समजलो. राज्यसेवेच्या परीक्षेसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली मुलेमुली या पेठांत कॉट बेसिसवर राहतात, मेसमध्ये जेवतात, आणि अभ्यासिकेत रात्री उशिरापर्यंत बसतात. मधूनमधून चहासाठी खाली उतरतात. त्यामुळे साडेदहालाही ती गल्ली जागी होती. आणि पहाटे साडेपाचला आम्ही पुन्हा गेलो तेव्हा दूधवाला, सारसबागेकडे फिरावयास निघालेली वृद्ध मंडळी आणि पहिला नंबर धरण्यासाठी अभ्यासिकेच्या दारात बसलेली दोन मुले दिसली. एका पाळीची माणसे घरी जाण्यापूर्वी दुसऱ्या पाळीची बाहेर पडत होती. दुपारी एक ते चार मात्र पेठेच्या रिवाजाप्रमाणे सारे सामसूम. वहिनींनाही त्या वेळी झोपावयाचे असते, तेव्हा तक्रार नव्हती.

न्यूयॉर्क शहरात जेन जेकब्स नावाची एक बाई हडसन स्ट्रीटवर राहत असे. तिने १९६१ साली, म्हणजे पानशेतच्याच वर्षी, शहरांविषयी एक ग्रंथ लिहिला आणि मोठमोठ्या नगररचनाकारांस हैराण करून सोडले. आपल्या दारासमोरील फुटपाथावर सकाळपासून रात्रीपर्यंत कोण येते, कोण जाते, कोण दुकान उघडते, याचे वर्णन करून ती सांगते, की रस्ता सुरक्षित राहतो तो मुख्यतः पोलिसांमुळे नव्हे. आपापल्या कामासाठी निरनिराळ्या वेळी ये-जा करणाऱ्या आणि सहज नजर टाकणाऱ्या माणसांमुळे. दुकाने, घरे, कचेऱ्या, खानावळी एकमेकांत मिसळलेल्या असल्या म्हणजे ही नजर आपोआप राहते. नुसतीच घरे किंवा नुसतीच दुकाने असली म्हणजे राहत नाही. आमच्या वहिनींनी हा ग्रंथ वाचलेला नाही. परंतु लक्ष्मी रस्ता व प्रभात रस्ता ही दोन्ही त्यांनी ज्या कारणासाठी नाकारली, ते कारण हेच.

तथापि, गर्दी म्हणजे आधार असा समज करून देण्याची आमची इच्छा नाही. शिरवळच्या शेजारीच नायगाव आहे. तेथे ३ जानेवारी १८३१ रोजी जन्मलेली लेक लग्न होऊन पुण्यास गेली, आणि १८४८ साली बुधवार पेठेत भिडे यांच्या वाड्यात मुलींना शिकवू लागली. त्या सावित्रीबाई फुल्यांवर शाळेच्या वाटेत शेणमाती फेकली गेली ती काही ओसाड माळावर नव्हे. याच भरगच्च, जागत्या, सर्वांचे सर्वांवर डोळे असलेल्या पेठांतून. फेकणारे हात कोणत्या घरांतले होते हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. त्यांतली कित्येक घरे आमच्यासारखीच होती. डोळे राखणही करतात आणि छळही करतात. वहिनींना खोली पाहताना आलेला अनुभव त्याच जातीचा, सौम्य रूपातला. दोन ठिकाणी मालकांनी दारातच विचारले, "एकट्याच? मुलगा कुठे असतो? घरी पटत नाही का?" एकाने तर वहिनींच्या देखत आम्हांस सांगितले, "बाईमाणूस एकटं ठेवीत नाही आम्ही." वहिनी जिना उतरून खाली आल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं. त्याच्या घरात पहिल्यापासून तोच एकटा आहे."

आणि अलीकडचीच गोष्ट. २०२३ च्या जून महिन्यात सदाशिव पेठेतच एका तरुणीवर भर दिवसा, भर रस्त्यात कोयत्याने हल्ला झाला. तिच्या भोवती माणसे होती; पुष्कळशी नुसती पाहत राहिली. धावून जाऊन हल्लेखोराला अडविले ते स्पर्धा-परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या तरुणांनी. नानांनी ही बातमी आठवून ती पेठेविरुद्ध पुढे मांडली. वहिनींनी तीच पेठेच्या बाजूने मांडली. कोण बरोबर, हे आम्ही आजही ठरवू शकलेलो नाही. परंतु त्यानंतर खोली पाहताना आम्ही आजूबाजूला माणसे किती हे मोजणे सोडून दिले, आणि त्यांतील दोघांचौघांशी बोलून पाहू लागलो.

हे बोलून पाहणे फार उपयोगी पडते. पोळी-भाजी केंद्राच्या बाईंस आम्ही विचारले, वरच्या मजल्यावर पूर्वी कोण राहत होते? त्यांनी नाव, गाव, किती महिने, काय शिकत होता, आणि जाताना कुलुपाची किल्ली कोणाकडे ठेवून गेला, एवढे सारे सांगितले. जेथे आदल्या भाडेकऱ्याची किल्ली शेजारी राहते, तेथे राहावयास हरकत नाही, असे आम्ही ठरविले. झेरॉक्सच्या दुकानातील मुलाने नळाचे पाणी किती वाजता येते ते सांगितले. मालकांनी सांगितलेल्या वेळेशी त्याचा मेळ नव्हता, आणि पुढे मुलाचीच वेळ खरी ठरली.

भाड्याचा आकडा आम्ही लिहीत नाही. तो छापून हाती पडेपर्यंत शिळा होतो. परंतु करार तोंडी ठेवू नये. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरार लेखी करून नोंदविणे सक्तीचे आहे, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. मुदत चारच महिन्यांची असली तरीही. मालक "कशाला, चार महिन्यांचा तर प्रश्न" असे म्हणाला, तर तेवढ्यावरूनच त्याची परीक्षा झाली असे समजावे.

वहिनी आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी गेल्या. सामान एक वळकटी, एक पेटी, कुकर, आणि गोड्या मसाल्याची बरणी. पुतण्या मोटार घेऊन पोचवावयास गेला आणि गल्लीत ती उभी करावयास जागा न मिळाल्यामुळे टिळक रस्त्यापर्यंत दोन फेऱ्या घालून घामाघूम होऊन परतला. पेठेविषयी त्याचे मत तेव्हापासून बिघडले आहे.

पहिले आठ दिवस वाईट गेले, हे वहिनींनी पुढे सांगितले. ३५ वर्षे बारा माणसांचा स्वयंपाक केलेल्या हाताला एका माणसाचे प्रमाण सापडेना. आमटी सहा जणांची होई, आणि ती समोरच्या मुलींच्या खोलीत पाठवावी लागे. संध्याकाळी सातला, घरी देवापाशी दिवा लागतो त्या वेळी, त्यांना रडू येई. मग त्या खाली उतरून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या फुलवालीपाशी उभ्या राहत. काही विकत न घेता पंधरा मिनिटे उभे राहता येईल असे एक ठिकाण प्रत्येक वस्तीत असावे लागते. जागा पाहताना आम्ही ते पाहिले नव्हते. ते पाहावयास हवे होते.

मग दिवस बसले. सकाळी सारसबाग, दुपारी मोडीचा सराव, संध्याकाळी कधी भरत नाट्य मंदिरात नाटक, कधी टिळक स्मारक मंदिरात व्याख्यान, कधी नुसतेच अप्पा बळवंत चौकापर्यंत पुस्तके पाहत जाणे. हे सारे पायी. गुडघे दुखत ते जिन्याने, चालण्याने नव्हे. एकदा मंडईहून स्वारगेटपर्यंत मेट्रोने जाऊन आल्या; २०२४ च्या सप्टेंबरात तो भुयारी मार्ग सुरू झाल्यापासून त्यांना ते एक कुतूहल होते. आत्यांना फोनवर त्याचे वर्णन ऐकविले तेव्हा आत्यांनी विचारले, "जमिनीखालून गेलीस आणि वर आलीस, तर गाव तेच होतं ना?"

श्रावणात त्यांना ताप आला. आम्हांस तो उतरल्यावर कळला. पहिल्या दिवशी त्या पोळ्या आणावयास खाली उतरल्या नाहीत, तेव्हा केंद्राच्या बाईंनी मुलाला वर पाठविले. समोरच्या मुलींपैकी एकीने औषध आणले. दुसरी रात्री पुस्तक घेऊन दाराशी वाचीत बसली. घरी कोणी कळविले नाही, कारण वहिनींनीच कळवू दिले नाही. नाना यावर फार संतापले. "बारा माणसांचं घर असताना परक्या पोरींनी औषध आणायचं?" वहिनी म्हणाल्या, "नाना, तिथे ताप आला तर मी ताप आलेली वहिनी असते. सगळे खोलीत येऊन उभे राहतात, आणि दादांची आठवण काढून रडतात. इथे मला नुसता ताप आला होता." आम्ही हे लिहिताना विचार करीत आहोत, की या दोन वर्षांत आमच्या घरी त्यांना कोणी एक काम सांगितले नाही, एक वाद घातला नाही, त्यांच्यासमोर मोठ्याने हसले नाही. आम्ही त्याला मान देणे समजत होतो.

गणेशोत्सवाचे दहा दिवस मात्र शुद्ध त्रास होता, आणि तो त्रास नव्हता असे सांगणारा पुणेकर आम्हांस भेटलेला नाही. ढोलताशांची पथके, ध्वनिवर्धकांच्या भिंती, आणि अनंत चतुर्दशीस निघून दुसऱ्या दिवसापर्यंत चालणारी मिरवणूक. ज्यांचे हृदय किंवा कान नाजूक आहेत त्यांनी ते दोन दिवस खुशाल गावी काढावेत. वहिनी गौरीसाठी शिरवळास आल्या, नैवेद्याचा स्वयंपाक केला, आणि विसर्जनापूर्वी मुद्दाम परत गेल्या. कानात कापसाचे बोळे घालून गच्चीत उभ्या होत्या म्हणे. आम्ही विचारले, त्रास झाला ना? "झाला," त्या म्हणाल्या. "पण सगळ्यांना झाला."

मोडी येऊ लागली आहे. रुमालातील पहिला कागद त्यांनी आश्विनात लावला. तो तुपाच्या आणि लाकडांच्या खर्चाचा निघाला. साल फाटलेले आहे. दादांना त्यातून काही ऐतिहासिक निघावे असे वाटत असे. वहिनींना तूप कोणी किती आणले, हे वाचण्यातच जास्त गोडी वाटते, आणि लाकडांच्या बेरजेत लिहिणाऱ्याची चूक आहे, हेही त्यांनी शोधून काढले.

दिवाळीस त्या घरी आल्या. कार्तिकीला चातुर्मास संपला. भाऊबीज होऊन चारपाच दिवस झाले असतील, तेव्हा त्यांनी नानांपुढे एक कागद ठेवला: खोलीचा करार माघापर्यंत वाढविला होता, आणि साक्षीदार म्हणून दोन सह्या हव्या होत्या. नानांनी चष्मा लावून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. जिन्याच्या दिव्याचे बिल कोणी भरावयाचे ते त्यात लिहिलेले नाही, असे त्यांनी दाखवून दिले; ते कलम समासात घालून घेतले, आणि मग सही केली. दुसरी सही आमची आहे.